साडेचारशे खुर्च्यांचा नट : ब्रायन कॉक्स यांच्या थिएटरांमागे सात दिवस

ब्रायन कॉक्स नावाची दोन माणसं ब्रिटनमध्ये सारखीच प्रसिद्ध आहेत, त्यामुळे पहिली सूचना तिकिटाची. एक कॉक्स भौतिकशास्त्रज्ञ आहेत. ते विश्वाच्या उत्पत्तीवर मोठमोठ्या सभागृहांत कार्यक्रम करतात आणि नुसतं नाव टाकून शोधलं तर बहुतेक वेळा तेच आधी समोर येतात. आपल्याला हवे ते १ जून १९४६ रोजी डंडीत जन्मलेले नट, ‘सक्सेशन’ या अमेरिकी मालिकेतले प्रसारमाध्यमांचे सम्राट लोगन रॉय. नाव शोधून तिकीट काढू नये. नाटकाचं नाव आणि थिएटर पाहून काढावं.

आपल्याकडे बहुतेकांना ते या मालिकेमुळेच माहीत झाले. २०१८ साली ती सुरू झाली तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते आणि त्यांच्यामागे साडेपाच दशकांहून जास्त रंगभूमी होती. लोगन रॉय खुर्चीत नुसता बसलेला असला तरी खोलीतली बाकीची माणसं श्वास रोखून का बसतात, याचं उत्तर या जुन्या कामात आहे. ज्या थिएटरांनी त्यांना घडवलं त्यांतली बरीचशी चारशे-साडेचारशे खुर्च्यांची आहेत, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या नाट्यगृहांच्या निम्म्याहूनही लहान. तिथं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नटाच्या डोळ्यांची हालचाल दिसते. ही थिएटरं ओळीनं पाहिली की बरंच काही उलगडतं. मार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे : डंडी, एडिंबरा, बर्मिंगहॅम, स्ट्रॅटफर्ड, लंडन.

ऑगस्ट टाळावा. एडिंबऱ्यात तेव्हा नाट्यमहोत्सव असतो आणि खोल्यांचे भाव कितीतरी पट चढतात. शिवाय उन्हाळ्यात रेपर्टरी कंपन्यांचे, म्हणजे एकाच थिएटरात ठरलेल्या नटसंचानं नाटकं करणाऱ्यांचे, नेहमीचे प्रयोग कमी होतात. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. रेल्वेची तिकिटं आगाऊ काढली तर बरीच स्वस्त पडतात, पण असं तिकीट त्या एकाच गाडीला चालतं. गाडी चुकली तर नवीन तिकीट काढावं लागतं. रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाड्यांच्या जागी बस सोडतात, म्हणून लांबचा पल्ला रविवारी ठेवू नये.

पहिला दिवस : एडिंबरा ते डंडी

वेव्हर्ली स्टेशनवरून डंडीला जायला सव्वा ते दीड तास लागतो. गाडीत उजवीकडे, खिडकीशी बसावं. पहिला मोठा टप्पा फोर्थ नदीवरचा १८९० चा लाल पोलादी पूल, जवळपास अडीच किलोमीटरचा. त्यानंतर किनाऱ्याकिनाऱ्यानं जाताना कर्कॉल्डी लागतं. हे अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ यांचं जन्मगाव. २०२५ साली कॉक्स यांनी ‘मेक इट हॅपन’ नाटकात याच स्मिथ यांच्या भुताची भूमिका केली. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड कशी कोसळली यावरचं हे नाटक जेम्स ग्रॅहम यांनी लिहिलं होतं. त्याचे पहिले प्रयोग डंडीतच झाले आणि मग ते एडिंबऱ्याला गेलं. गाडी कर्कॉल्डीला थांबते तेवढ्या वेळात हे आठवलं तरी पुढच्या दोन दिवसांचा रोख कळतो : हा नट परत परत घरी येणारा आहे.

दुसरा पूल टे नदीवरचा, सव्वातीन किलोमीटरचा. उजवीकडे बसायचं ते याच्यासाठी. पाण्यातून ओळीनं वर आलेले दगडी बुंधे दिसतात, ते आधीच्या पुलाच्या खांबांचे. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री तो पूल आगगाडीसकट नदीत कोसळला आणि गाडीतलं कुणीही वाचलं नाही. आताचा पूल १८८७ साली खुला झाला. जुन्या पुलाच्या वरच्या अंगाला, अगदी समांतर बांधल्यामुळे ते बुंधे चालत्या गाडीतून इतके जवळ दिसतात. भरतीला ते बरेच बुडतात, ओहोटीला नीट मोजता येतात.

डंडी स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोरच व्ही अँड ए संग्रहालय. जपानी वास्तुरचनाकार केंगो कुमा यांची ही इमारत सप्टेंबर २०१८ मध्ये उघडली. भिंतींवर आडव्या बसवलेल्या दगडी पट्ट्या अडीच हजारांच्या घरात आहेत आणि लांबून तो नदीकाठचा कडा वाटतो. कायमच्या दालनाला तिकीट नाही. ‘सक्सेशन’च्या दुसऱ्या पर्वातल्या ‘डंडी’ नावाच्या आठव्या भागातला समारंभ इथं चित्रित झाला. लोगन रॉय डंडीचा, हे मुळात ठरलेलं नव्हतं. सुरुवातीला त्याचा जन्म कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झाल्याचं ठरलं होतं आणि पहिलं पर्व संपत आलं तेव्हा लेखकांनी तो बदलून डंडीला आणला. त्यामुळे पहिल्या भागांत कॉक्स यांनी उभी केलेली बोलण्याची ढब पुढे अमेरिकेत मुरलेल्या स्कॉटिश माणसाची म्हणून आपोआप जुळून गेली.

नदीवरचा वारा फार जोराचा असतो. छत्री उलटते, तेव्हा टोपीचा रेनकोट घ्यावा.

दुसरा दिवस : ताग, चिमणी आणि टेकडी

डंडी तीन गोष्टींवर वाढलं असं तिथले लोक सांगतात : ताग, मुरंबा आणि वर्तमानपत्रं. कॉक्स यांच्या घराचा संबंध तागाशी. त्यांची आई गिरणीत सूतकताईला होती. वडील आधी पोलीस आणि मग दुकानदार. घर आयरिश वळणाचं, कॅथलिक, कामकरी. पाच भावंडांत ब्रायन शेंडेफळ. ते आठ वर्षांचे असताना वडील स्वादुपिंडाच्या कर्करोगानं गेले. आईला मानसिक आजाराचे झटके येऊ लागले, तिला इस्पितळात राहावं लागे, आणि धाकट्याला मोठ्या बहिणींनी वाढवलं.

हे नुसतं वाचण्यापेक्षा व्हर्डंट वर्क्स या जुन्या गिरणीच्या संग्रहालयात सकाळी जाऊन दोन-अडीच तास घालवावेत. हिवाळ्यात सगळे दिवस उघडं नसतं, आधी वेळ पाहून घ्यावी. इथं कच्च्या मालापासून गोणपाटापर्यंतची वाट क्रमानं दिसते. ताग बंगालमधून यायचा, सुमारे १८० किलोच्या दाबलेल्या गाठींतून. हा धागा फार ताठ आणि ठिसूळ. यंत्रावर नुसताच चढवला तर तुटतो. डंडीच्या बंदरात देवमाशांची शिकार करणारी गलबतं येत, त्यामुळे देवमाशाचं तेल गावात हाताशी होतं. तेल आणि पाणी एकत्र करून तागावर शिंपडायचं, तो मुरू द्यायचा, मग पिंजायचा, त्याचे पेळू ओढून लांब करायचे, चातीवर कातायचं आणि शेवटी मागावर विणायचं. तेलाची ही युक्ती १८३० च्या दशकात बसली आणि शंभर वर्षं गाव तिच्यावर जगलं. पुढे हुगळीच्या काठी, ताग पिकतो तिथंच, गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांवर आणि व्यवस्थापनात डंडीची माणसं होती. त्याच गिरण्यांनी डंडीची बाजारपेठ खाल्ली.

संग्रहालयात यंत्र चालू करून दाखवतात ती वेळ चुकवू नये. एकच यंत्र सुरू झालं तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. गिरणीत अशी शेकडो. म्हणून बायका ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांनी बोलत आणि कित्येकींना पुढे बहिरेपण येई. हवेत तागाची धूळ. कातणारी बाई कताईयंत्रांच्या दोन चौकटींमधल्या बोळात उभी राहून तुटलेलं सूत जोडत फिरायची. विणणाऱ्या बायका स्वतःला तिच्यापेक्षा वरच्या समजत, हॅट आणि हातमोजे घालून कामाला जात. कातणाऱ्यांच्या अंगावर शाल. बायकांना मजुरी कमी द्यावी लागे म्हणून मालक त्यांनाच कामावर घेत आणि बेकार नवरे घर सांभाळत. त्यांना गावात ‘केटल बॉइलर’ म्हणजे किटली उकळणारे म्हणत. न बोलता, चेहऱ्यानं आणि हातानं सगळं सांगणाऱ्या बायकांच्या या गावातून हा नट आला.

दुपारी बस पकडून लॉकी भागात जावं, पंधरा मिनिटांचं अंतर. तिथं ‘कॉक्सेस स्टॅक’ नावाची ८६ मीटर उंच चिमणी उभी आहे, रंगीत विटांची, एखाद्या इटालियन घंटाघरासारखी. नाव वाचून पुष्कळ जण नटाच्या नावाची म्हणून फोटो काढतात. तसं नाही. हे कॉक्स म्हणजे तागाचे मालक, कॉक्स बंधू. त्यांची कॅम्परडाउन गिरणी त्या काळी जगातली सर्वांत मोठी तागगिरणी होती आणि ती १९८१ मध्ये बंद पडली. एकाच आडनावाची दोन टोकं एकाच गावात, मालकाचं आणि कातणारणीच्या मुलाचं. चिमणीच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर हे अंतर नीट दिसतं.

संध्याकाळ ‘लॉ’ टेकडीवर. उंची १७४ मीटर. लॉ या स्थानिक शब्दाचाच अर्थ टेकडी, त्यामुळे ‘लॉ हिल’ म्हणणं म्हणजे ‘टेकडी टेकडी’. वरून नदी, तिच्यावरचे रेल्वेचा आणि रस्त्याचा असे दोन्ही पूल आणि उरलेल्या चिमण्या एका नजरेत येतात.

जेवणाचं : बेकरीत ‘ब्रायडी’ मिळते, घोड्याच्या नालेच्या आकाराची, आपल्या करंजीची मोठी बहीण म्हणावी अशी. आत गोमांसाचा खिमा असतो, कांदा घातलेली वेगळी. वरच्या पारीला एक भोक असेल तर साधी, दोन असतील तर कांद्याची. न खाणाऱ्यांनी आधीच विचारावं, कारण साधीतही मांस असतंच. मागताना दुकानातलं बोलणं कान देऊन ऐकावं. डंडीत ‘पाय’ला ‘पेह’ म्हणतात. स्वर असा चपटा, आखूड होतो.

तिसरा दिवस : रेपर्टरी

हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस, सावकाश घ्यावा.

सुरुवात निकोल स्ट्रीटवरून. डंडी रेपर्टरी थिएटर, लोकांच्या तोंडी नुसतं ‘रेप’, १९३९ साली या रस्त्यावरच्या एका सभागृहात सुरू झालं. कॉक्स तिथं दाखल झाले ते पंधरा वर्षांचेही नसताना. तो हॉल १९६३ च्या आगीत गेला. मग कंपनीनं लॉकी रस्त्यावरच्या एका चर्चच्या इमारतीत अनेक वर्षं काढली आणि १९८२ साली टे स्क्वेअरला आत्ताचं थिएटर उघडलं. म्हणजे टे स्क्वेअरला गेलात तर ती त्यांची मूळ शाळा नव्हे, तिचं तिसरं घर आहे. दोन्ही ठिकाणं चालत दहा मिनिटांत होतात, आधी निकोल स्ट्रीट आणि मग टे स्क्वेअर असं जावं.

रेपर्टरी म्हणजे काय हे इथं समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आपल्याकडे एक नाटक बसतं आणि त्याचे गावोगाव शेकडो प्रयोग होतात. रेपर्टरीत उलट. नटसंच तोच, थिएटर तेच, प्रेक्षकही बरेचसे तेच, आणि नाटक दर एक-दोन आठवड्यांनी नवं. सकाळी दहापासून पुढच्या नाटकाची तालीम, दुपारी कपडेपट, रात्री चालू नाटकाचा प्रयोग, घरी जाऊन तिसऱ्याचं पाठांतर. एका महिन्यात माणूस म्हातारा बिशप, इन्स्पेक्टर आणि नोकर होतो. यातली गैरसोय उघड आहे : तालीम अपुरी पडते, नट ठरीव युक्त्यांवर भागवायला शिकतो, आणि ती सवय जन्मभर जात नाही. फायदा असा की भीती मोडते. आणि त्याच प्रेक्षकांना दर पंधरा दिवसांनी नव्यानं पटवायचं असल्यामुळे नटाला स्वतःच्या लकबी फेकून द्याव्याच लागतात.

सगळ्यात खालच्या पायरीवर असतो साहाय्यक रंगमंच व्यवस्थापक. कॉक्स यांनी सुरुवात तिथून केली. या मुलानं रंगमंच पुसायचा, टेबलावर आखणी करून प्रत्येक वस्तू तिच्या चौकोनात ठेवायची, चहा करायचा, लागेल तेव्हा एका वाक्याची भूमिका करायची आणि प्रॉम्प्ट बुक सांभाळायचं. प्रॉम्प्ट बुक म्हणजे नाटकाची मूळ संहिता पानापानानं सुटी करून मोठ्या कोऱ्या पानांवर चिकटवलेली. एका बाजूला संवाद. दुसऱ्या बाजूला पेन्सिलीनं हालचाली, प्रकाशाचे आणि आवाजाचे संकेत, नट कुठं थांबतो ते. पेन्सिलच का, तर तालमीत सगळं दहा वेळा बदलतं. सगळ्यात अवघड काम विरामाचं. नट थांबला तर तो विसरला की मुद्दाम थांबला, हे विंगेतल्या पोरानं एका श्वासात ओळखायचं. विसरलेला असेल आणि शब्द दिला नाही तर प्रयोग पडतो. मुद्दाम थांबलेला असेल आणि शब्द दिला तर नट मारायला धावतो. दोन वर्षं रोज रात्री दुसऱ्यांचे विराम मोजलेला मुलगा पुढे लोगन रॉयच्या एका ‘अंहं’आधी किती थांबायचं हे चुकत नाही, यात नवल नाही.

टे स्क्वेअरच्या थिएटरात सुमारे साडेचारशे खुर्च्या आहेत, एकाच चढत्या उतारावर, बाल्कनी नाही. कुठंही बसा, दिसतं. मधल्या रांगांसाठी जास्त पैसे घालायची गरज नाही. १९९९ मध्ये या थिएटरनं पगारी, कायमचा नटसंच उभा केला. ब्रिटनमध्ये ही प्रथा जवळजवळ नामशेष झाली आहे, त्यामुळे ज्या दिवशी डंडीत असाल त्या दिवशीचं जे काही नाटक असेल ते पाहावंच. नाव ओळखीचं नसलं तरी.

मधल्या वेळात ब्रॉटी फेरी गाठावं. बसनं वीस-पंचवीस मिनिटं, रेल्वे जलद आहे पण गाड्या मोजक्या. नदीच्या मुखावरचं हे छोटं गाव, काठावर पंधराव्या शतकाच्या अखेरचा किल्ला, आत जायला पैसे नाहीत. २०१३-१४ मध्ये बीबीसीवर आलेल्या ‘बॉब सर्व्हंट’ या विनोदी मालिकेचं गाव हेच. बर्गरची गाडी चालवून पैसा केलेला, आता निवडणुकीला उभा राहिलेला बढाईखोर बॉब म्हणजे कॉक्स. लोगन रॉयनंतर हे पाहिलं तर माणूस तोच यावर विश्वास बसत नाही. इथं ते घरचे, चपटे स्वर भरभरून वापरतात. बेकरीत ऐकलेला ‘पेह’ इथं भेटतो.

डंडी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी कॉक्स यांना २०१० मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये रेक्टर म्हणून निवडलं. हा विद्यार्थ्यांच्या मतांनी मिळणारा मान आहे आणि नव्या रेक्टरला गाडीत बसवून विद्यार्थी शहरातून ओढत नेतात. वयाच्या पंधराव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाला हा मान मिळाला, याची डंडीकरांना आजही अपूर्वाई वाटते.

चौथा दिवस : एडिंबरा, लायसियम

सकाळच्या गाडीनं परत. ग्रिंडले स्ट्रीटवरचं रॉयल लायसियम १८८३ सालचं, सी. जे. फिप्स यांनी बांधलेलं, लाल मखमल आणि सोनेरी नक्षीचं. इथं १९६५ साली टॉम फ्लेमिंग यांनी नवी कंपनी उभी केली. नुकतेच लंडनहून शिकून आलेले एकोणीस वर्षांचे कॉक्स त्या पहिल्या संचात होते. पहिलं नाटक स्कॉट बोलीत रूपांतर केलेलं इटालियन प्रहसन. बरोबर पन्नास वर्षांनी, २०१५ मध्ये, कंपनीच्या सुवर्णमहोत्सवात याच रंगमंचावर ‘वेटिंग फॉर गोदो’त ते व्लादिमिर झाले आणि ग्लासगोचे बिल पॅटरसन एस्त्रागॉन.

घोड्याच्या नालेसारखी वळलेली ही गॅलऱ्यांची जुनी रचना डंडीच्या अगदी उलट. सर्वांत वरच्या मजल्यावर नटाच्या चेहऱ्याऐवजी त्याचा टाळू दिसतो, आणि टोकाच्या खुर्च्यांवरून रंगमंचाचा एक कोपरा कापला जातो. तिकीट काढताना नकाशावर वळणाच्या टोकाच्या जागा सोडून द्याव्यात. दुसऱ्या मजल्याचा मध्य हा पैसे आणि दृश्य यांचा चांगला मेळ. अशा जागी आवाज वर फेकावा लागतो, हनुवटी उचलून बोलावं लागतं. कॉक्स यांच्या आवाजातला तो खालून येणारा गडगडाट अशाच घरांत कमावलेला आहे.

वेळ उरला तर कॅननगेट चर्चच्या आवारात अॅडम स्मिथ यांची कबर आहे.

पाचवा दिवस : बर्मिंगहॅममार्गे स्ट्रॅटफर्ड

एडिंबरा ते बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट चार ते पाच तास. स्ट्रॅटफर्डची गाडी मात्र मूर स्ट्रीट स्टेशनवरून सुटते. दोन्हींत चालत सात-आठ मिनिटांचं अंतर आहे, पण खुणा नीट पाहिल्या नाहीत तर न्यू स्ट्रीटच्या बाजारातच माणूस फिरत राहतो. हातात किमान दीड तास ठेवावा, कारण न्यू स्ट्रीटच्या मागच्या अंगाला, स्टेशन स्ट्रीटवर, जुनं बर्मिंगहॅम रेप आहे.

रेपर्टरीसाठी म्हणून मुद्दाम बांधलेलं ब्रिटनमधलं हे पहिलं थिएटर, १९१३ सालचं, बॅरी जॅक्सन यांनी स्वतःच्या पैशानं उभं केलेलं. बांधलं तेव्हा ४६४ खुर्च्या. जागा अरुंद म्हणून प्रेक्षागृह विहिरीसारखं खोल आणि अतिशय तीव्र उताराचं. मागच्या रांगेतूनही नट अंगावर येतो. लायसियमनंतर दोन वर्षं कॉक्स इथं होते आणि १९६७ मध्ये इब्सेनच्या ‘पेअर गिंट’ची मुख्य भूमिका त्यांनी इथं केली. त्याच वर्षी शेक्सपिअरच्या ‘अॅज यू लाइक इट’मधल्या ऑर्लँडोच्या भूमिकेत ते लंडनला पहिल्यांदा उभे राहिले. कंपनी १९७१ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरच्या मोठ्या इमारतीत गेली, त्यामुळे नकाशात ‘बर्मिंगहॅम रेप’ टाकलं तर चुकीच्या ठिकाणी पोचाल. ‘ओल्ड रेप’ टाकावं. बाहेरून पाहिलं तरी पुरे.

मूर स्ट्रीटवरून स्ट्रॅटफर्ड पाऊण तास.

सहावा दिवस : स्वॉन

स्ट्रॅटफर्डमध्ये मुक्काम करावाच लागतो. रात्रीचा प्रयोग संपेपर्यंत लंडनला जाणारी सोयीची गाडी उरत नाही, आणि दिवसाची सहल म्हणून आलेले लोक मध्यंतरानंतर घड्याळ बघत बसतात. शनिवार-रविवारी खोल्या महाग, मधल्या वारी स्वस्त.

रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या मोठ्या थिएटरच्या पाठीला पाठ लावून स्वॉन आहे. १८७९ सालचं मूळ थिएटर १९२६ मध्ये जळलं. त्याच्या उरलेल्या भिंतींत १९८६ साली हे नवं बसवलं. सगळं लाकूड, साडेचारशेच्या आत-बाहेर खुर्च्या, रंगमंच जिभेसारखा पुढे आलेला आणि तिन्ही बाजूंना प्रेक्षक. पहिल्या रांगेतल्या माणसाचे गुडघे रंगमंचाला लागतात. वरच्या सज्जांत कठड्यावर वाकून बघावं लागतं, पाठ दुखत असेल तर खालच्या जागा घ्याव्यात. नटाला इथं पाठ लपवता येत नाही. एका बाजूला तोंड केलं की दुसऱ्या बाजूला पाठ, म्हणून त्याला सतत हळूहळू फिरत राहावं लागतं आणि पाठीनंही बोलावं लागतं.

१९८७ साली इथं डेबोरा वॉर्नर यांनी ‘टायटस अँड्रॉनिकस’ केलं आणि टायटस झाले कॉक्स. शेक्सपिअरचं हे सर्वांत रक्तबंबाळ नाटक. लोक हसतील या धास्तीनं दिग्दर्शक त्यातल्या ओळी कापत आलेले. वॉर्नर यांनी एकही ओळ कापली नाही. लोक हसतील तर हसू द्या, तेच हसू पुढे त्यांच्या घशात अडकेल, असा या प्रयोगाचा हिशेब होता. तिसऱ्या अंकातला प्रवेश पाहा : टायटसनं मुलांचे प्राण वाचवायला स्वतःचा हात तोडून दिला आहे, आणि त्या बदल्यात मुलांची मुंडकी आणि तो हातच परत आला आहे. भाऊ आक्रोश करतो. टायटस गप्प. मग तो हसतो. संहितेत नुसतं ‘हा, हा, हा’ लिहिलं आहे. भाऊ विचारतो, या घडीला हसतोस? तर उत्तर येतं, ढाळायला एकही अश्रू उरला नाही. इथं जो नट रडून मग हसतो त्याचं हसू वेडाचं वाटतं. जो आधी पूर्ण रिकामा होतो आणि मग हसतो त्याचं खरं वाटतं. मधला रिकामा काळ किती लांबवायचा, ही सगळी कारागिरी. या भूमिकेसाठी कॉक्स यांना लंडनच्या रंगभूमीवरचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला, त्यांचा दुसरा.

रॉयल शेक्सपिअर कंपनीची जुनी कागदपत्रं शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टच्या वाचनकक्षात आहेत : प्रॉम्प्ट बुकं, छायाचित्रं, प्रयोगांची चित्रीकरणं. वाचनकक्ष ठरावीक दिवशीच उघडा असतो, त्यामुळे काही आठवडे आधी नाटकाचं नाव आणि वर्ष कळवून वेळ घ्यावी. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी. प्रॉम्प्ट बुक हातात आलं तर आधी संवादांकडे न बघता समोरच्या पानावरच्या पेन्सिलीच्या खुणा वाचाव्यात. डंडीचा पंधरा वर्षांचा पोरगा जे लिहीत होता, तेच काम पंचवीस वर्षांनी दुसरं कुणीतरी त्याच्या हालचालींसाठी केलेलं असतं.

सातवा दिवस : लंडन

स्ट्रॅटफर्डवरून मेरिलबोनला दोन-सव्वादोन तास. थेट गाड्या थोड्या, पहाटेची धरावी.

आधी स्लोन स्क्वेअर, रॉयल कोर्ट. भुयारी स्टेशनच्या अगदी बाजूला, चारशेच्या आसपास खुर्च्या. नवी नाटकं करणारं हे घर, आणि कॉक्स इथं ठरावीक अंतरानं येत राहिले. १९६९ मध्ये डेव्हिड स्टोरी यांचं ‘इन सेलिब्रेशन’. १९८४ मध्ये रॉन हचिन्सन यांचं ‘रॅट इन द स्कल’, उत्तर आयर्लंडमधल्या पोलीस अधिकाऱ्याची भूमिका, ज्याला पहिला ऑलिव्हिए मिळाला. २००६ मध्ये टॉम स्टॉपर्ड यांचं ‘रॉक अँड रोल’. सोमवारचा प्रयोग इथं इतर दिवसांपेक्षा स्वस्त असतो. ‘रॅट इन द स्कल’मध्ये बराच वेळ एका खोलीत एक माणूस दुसऱ्याची चौकशी करतो, एवढंच घडतं. दोनच वर्षांनी ‘मॅनहंटर’ चित्रपटात पडद्यावरचा पहिला हॅनिबल लेक्टर, म्हणजे नरभक्षक खुनी डॉक्टर, त्यांनी केला, तोही पांढऱ्या कोठडीत जवळपास न हलता. २००० सालच्या ‘न्यूरेंबर्ग’ या दूरचित्रवाणी मालिकेतला त्यांचा नाझी नेता गोअरिंग याच जातीचा, बंद खोलीतला, गोड बोलून समोरच्याला गुंडाळणारा. त्याला दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला. तिन्ही एका मागोमाग पाहावेत.

दुपारी नदीच्या दक्षिण काठावर नॅशनल थिएटर. इथल्या लिटल्टन प्रेक्षागृहात, सुमारे ८९० खुर्च्यांपुढे, १९९० मध्ये ‘किंग लिअर’ झालं. दिग्दर्शन पुन्हा वॉर्नर यांचं. लिअर पहिल्या प्रवेशात चाकांच्या खुर्चीतून येतो. त्याच संचाचं ‘रिचर्ड द थर्ड’ आलटूनपालटून चालायचं. एका रात्री कॉक्स राजा आणि इयन मॅकेलन त्याचा निष्ठावंत केंट. दुसऱ्या रात्री मॅकेलन राजा आणि कॉक्स त्याचा बकिंगहॅम. ही जोडी मग जगभर दौऱ्यावर गेली. दुप्पट मोठ्या घरात लिअरचं मोडणं शेवटच्या रांगेपर्यंत कसं पोचवायचं, हा प्रश्न स्वॉनमध्ये नव्हता. इमारतीत वरून कार्यशाळा दाखवणारी एक पायवाट आहे. उघडी असेल तर तिला तिकीट लागत नाही, आणि नेपथ्य कसं रंगवतात ते अर्धा तास बघत राहावं. शुक्रवारी दुपारी एक वाजता पुढच्या आठवड्याची काही तिकिटं दहा पौंडांना सुटतात. पाच मिनिटं आधी संकेतस्थळावरच्या रांगेत असावं.

‘सक्सेशन’ ३५ मिमी फिल्मवर, एकाहून जास्त हातातल्या कॅमेऱ्यांनी चित्रित झाली. प्रवेश लांबलचक, आणि या घडीला कॅमेरा आपल्यावर आहे की समोरच्यावर हे नटाला पुष्कळदा कळत नाही. तिन्ही बाजूंनी बघितलं जाणं आणि सतत भूमिकेत राहणं, हे स्वॉनच्या लाकडी जिभेवर शिकलेल्या माणसाला नवीन नव्हतं.

संध्याकाळी चेरिंग क्रॉस रस्त्यावरचं विंडम्स, १८९९ चं. २०२४ मध्ये कॉक्स इथं युजीन ओनील यांच्या ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’मध्ये जेम्स टायरन होते. टायरन हा म्हातारा नट. एका पैसेवाल्या भूमिकेनं त्याला श्रीमंत केलं आणि तीच करता करता आतला मोठा नट वाया गेला, याचा त्याला जाळणारा पस्तावा. लोगन रॉय म्हणून जगभर ओळखल्या गेलेल्या माणसानं ती मालिका संपल्यावर वर्षभरात ही भूमिका निवडली.

प्रयोग सुटल्यावर लेस्टर स्क्वेअर स्टेशन दाराशीच आहे. पिकॅडिली लाइन तिथून थेट हीथ्रोला जाते. सगळ्या गाड्या सगळ्या टर्मिनलांना जात नाहीत, तेव्हा फलाटावरची पाटी वाचून मगच चढावं. सातवं स्टेशन अर्ल्स कोर्ट. १९६३ साली डंडीचा सतरा वर्षांचा मुलगा नाट्यशिक्षणासाठी आला तो याच भागात. लॅम्डा ही संस्था तेव्हा इथल्या क्रॉमवेल रोडवर होती आणि त्याचा शिकण्याचा खर्च सरकारी अनुदानातून भागला. लॅम्डा आता दुसरीकडे गेली आहे. सामान थोडं असेल आणि विमानाला वेळ असेल तर उतरून क्रॉमवेल रोडपर्यंत चालत जाऊन यावं, पंधरा मिनिटं पुरतात.